लळिंगच्या चढावर बंद पडणारी गाडी

१२ सप्टेंबर १९९९, रविवार

रुपचंदशेठची नवी गाडी आज दुकानात आली. पांढरी, जेमतेम महिन्याची, सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नाही. शेठची शेंगदाणा तेलाची मिल आहे, त्यांना परवडतं. अशी गाडी धुळ्यात चार-पाच जणांकडेच असेल. हिला कार्ब्युरेटर नाही. कॉम्प्युटर पेट्रोल मोजून देतो आणि ठिणगीही तोच टाकतो. मला मात्र काम दिलं ते पोरखेळाचं: पुढे धुक्याचे दोन दिवे, एक दणदणीत हॉर्न आणि टेप. उद्या गणपती बसणार, त्याच्या आत पाहिजे होतं.

बॉनेट उघडलं आणि डोकंच फिरलं. एवढे लाख मोजून घेतात आणि वायरी पाहा! इंजिनाकडून मागच्या पत्र्याकडे जाणारा सगळा जुडगा ढिला, झोळीसारखा लोंबतोय. एसटीच्या वर्कशॉपात सतरा वर्षं काढली मी. आमचे हेडमिस्तरी म्हणायचे, लोंबती वायर म्हणजे वाहतं नाक, आधी पुसा मग बोला. मेण लावलेला दोरा काढला आणि माझ्या वायरींबरोबर कंपनीच्या वायरीही ताणून पत्र्याच्या पट्टीला लागोपाठ गाठी मारून बांधल्या. तंबोऱ्याच्या तारा झाल्या अगदी. कंपनीच्या इंजिनिअरनं येऊन बघावं, वायर कशी बांधतात ते.

शेठचा ड्रायव्हर लोटनभाऊ बाजूला उभा राहून बघत होता. सोनगीरचा आहे. पन्नाशी उलटलेली, बावीस वर्षं ट्रकवर काढलेली, त्यामुळे या चिमुकल्या गाडीला तो बैलगाडीसारखा जपतो. म्हणाला, "मिस्तरी, हात शे का काय शे!" मला बरं वाटलं. का वाटू नये?

४ ऑक्टोबर, सोमवार

शेठची गाडी काल लळिंगच्या घाटात बंद पडली. लोटनभाऊ एकटाच मालेगावकडे चालला होता. चालता चालता गप्प. लोटनभाऊनं चाकाला दगड लावला, अर्ध्या तासानं सेल्फ मारला तर पहिल्या झटक्यात सुरू. आज दुकानात आणली तर घड्याळासारखी चालतेय. दोन तास चालू ठेवली, पंखा फिरून फिरून दमला, पण इंजिन बंद पडायला तयार नाही.

"गरम व्हयनी का मरी जास," लोटनभाऊ म्हणाला.

गरम झाल्यावर बंद पडणं आणि थंड झाल्यावर सुरू होणं हा रोग मला तोंडपाठ आहे. मे महिन्यात जुन्या गाड्यांच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून आपण धुळं ते जळगाव गाड्या नेलेल्या आहेत. पण हिचा पंप टाकीत बुडालेला. फडकं टाकायचं कुठे?

९ ऑक्टोबर, शनिवार

आठवड्यात तीनदा बंद पडली. दोनदा लळिंगला, एकदा साक्री रोडवर ट्रकला ओलांडताना. मधे जळगावची वारी झाली, पारोळा, एरंडोल करत जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, तेव्हा हूं की चूं नाही. शेठ म्हणाले, गाडीला जळगाव आवडतं बहुतेक.

नाशिकला एका शोरूममध्ये माझा एसटीतला दोस्त आहे. त्याच्याकडून बसनं कागद मागवला. या गाड्यांचा कॉम्प्युटर आपलं दुखणं लक्षात ठेवतो. डॅशबोर्डखाली एक छोटा सॉकेट असतो, त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडायच्या की पिवळा दिवा डोळे मिचकावायला लागतो. किती वेळा मिचकावतो ते मोजायचं आणि कागदात बघायचं. मी मोजलं. चार, थोडं थांबून दोन. पुन्हा चार, पुन्हा दोन. कागदात बेचाळीसपुढे लिहिलंय: कॅमशाफ्टचा सेन्सर, सिग्नल नाही.

मी दुकानात उडी मारली. खरंच मारली. त्रेचाळीस वर्षांचा माणूस.

घरी आल्यावर बायकोनं, लिलानं विचारलं, हे काय असतं? ब्लाउजची गळपट्टी लावत होती, मशीन थांबवलं नाही. मी सांगितलं, इंजिनात एक दांडा फिरतो, तो झडपा उघडतो-मिटतो. दांडा कुठवर फिरला ते सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो. सांगायचं थांबला की कॉम्प्युटर आंधळा. मग तो ठिणगी पण देत नाही, पेट्रोल पण देत नाही. ती म्हणाली, "म्हणजे एक बोलायचा थांबला की सगळं घर ठप्प." आमच्या घरात कोण बोलायचं थांबतं हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१३ ऑक्टोबर, बुधवार

नाशिकहून नवा सेन्सर आला, लावला. बोटाएवढी वस्तू. एका बोल्टचं आणि एका सॉकेटचं काम. इंजिन गरम केलं, बॉनेटवर गोणपाट टाकून आणखी गरम केलं. मस्त चालतंय. दिवा गप्प.

शेठना सांगितलं, घेऊन जा, आता काशीला जाऊन या.

१६ ऑक्टोबर, शनिवार

काशी राहिली दूर, लळिंगलाच थांबली. नवा सेन्सर लावलेला असताना! पुन्हा चार आणि दोन.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मी ते बोललो. कोणी घाई केली म्हणून नव्हे, माझी खात्रीच झाली म्हणून बोललो.

सेन्सर नवा. बॅटरी ठीक. रिले बदलला. सॉकेटच्या पिना घासून लख्ख केल्या. दिव्याची भाषा मी वाचली, पण दिवा तरी किती खरा बोलतो? दुपारी डिकी उघडली तर रॉकेलचा भपकारा आला. खाली पाच लिटरचा डबा, निळं रॉकेल अर्ध्यापर्यंत. त्या क्षणी सगळं जुळलं. पेट्रोल काढून विकायचं आणि टाकीत रॉकेल ओतायचं. सपाटीवर गाडी निभावून नेते, चढावर जोर लागला की दम तोडते. जळगावला बंद पडत नाही, कारण जळगावला शेठ बरोबर असतात आणि वाटेत पंपावर तेच पेट्रोल भरून घेतात.

लोटनभाऊ म्हणाला, "घरनं रॉकेल शे ते, मिस्तरी. बहीणना रेशन कार्डवरनं. सोनगीरले दुकानमां येत नही."

हो का. प्रत्येक चोराला बहीण असतेच.

मिलवर गेलो. ऑफिसचं दार उघडं, आत शेठ, हिशेबनीस गिरधर, बाहेर पोती उतरवणारे हमाल. मी दबक्या आवाजात बोललो नाही, तो माझा स्वभाव नाही. म्हणालो, "शेठ, गाडीत दोष नाही. दोष पेट्रोलमध्ये आहे. आणि पेट्रोल कोण भरतं ते तुम्ही बघा. डिकीत डबा आहे." लोटनभाऊ पायरीवरच उभा होता. हमालांनी पोतं खाली ठेवून त्याच्याकडे बघितलं.

तो एक पायरी वर आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "मी चोर शे का?" मी म्हणालो, डब्याला विचार.

शेठनी किल्ली मागून घेतली. झालं.

टाकीतलं पेट्रोल काढून तपासायला हवं होतं का? होतं. पण वासच एवढा होता की. सतरा वर्षं झाली, नाकानं ओळखतो मी.

३ नोव्हेंबर, बुधवार

गाडी बंद पडली.

आता शेठचा भाचा चालवतो, कॉलेजातला. पेट्रोल शेठ स्वतः उभं राहून भरून घेतात. दिवाळीची खरेदी करायला सगळी बायकामंडळी घेऊन मालेगावला निघाले होते. लळिंगला ठप्प. शेठीणबाई भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि येणारी-जाणारी प्रत्येक एसटी त्यांना बघत गेली.

शेठ फोनवर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "देवचंद, आता काय? आता कोणाला काढू?"

४ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी दुकानात उभी आहे. सकाळी भाच्याला फोन करून विचारलं, रंगीत पेट्रोल, सुगंधी पेट्रोल, काही वेगळं? तो हसला. तेव्हा सुचलं. लोटनला काढलं त्या दिवशी टाकीत होतं तेच पेट्रोल भाच्यानं पुढे वापरलं आणि पेट्रोलचा फिल्टरही तोच आहे, म्हणजे रॉकेल असेल तर त्याच्या कागदात खूण राहिली असणार. फिल्टर काढून काचेच्या बरणीत उलटा केला. तासभर उन्हात ठेवला. रॉकेल असतं तर तळाशी तेलकट राहिलं असतं, कागदावर डाग राहिला असता. सगळं उडून गेलं. कागद कोरा.

रिकामी बरणी फळीवर ठेवली. सुळीवर चढवलेल्या माणसाचं काय करतात?

पण तरी. तो डबा डिकीत कशाला ठेवायचा? माणसानं संशय येईल असं वागूच नये ना. हे लिहिलं आणि वाचलं. स्वतःचंच अक्षर कुणा दुसऱ्याचं वाटलं.

६ नोव्हेंबर, शनिवार

सोनगीरला जाऊन आलो. हायवेवर उतरून किल्ल्याकडे तोंड करून चालत गेलं की गल्लीत तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज सुरू होतो, तिथून लोटनभाऊचं घर डावीकडे. तो कापसाच्या ढिगाशी बसला होता. त्याची बायको भिकुबाईनं पाणी दिलं. नंतर ती आत गेली आणि बाहेर आली नाही.

दोन गोष्टी सांगायला गेलो होतो. पेट्रोल साफ निघालं हे सांगितलं. चुकलो हे सांगता आलं नाही. मी म्हणालो, "गाडी कशी बंद पडते ते तूच नीट पाहिलंस. भाच्याला काही सांगता येत नाही. एक दिवस येऊन चालवून दाखव."

तो कापसातला पालापाचोळा निवडत राहिला. मग बोलायला लागला. दोन मालकांकडे काम मागायला गेला होता. एकानं हसून विचारलं, रॉकेल कसं लिटर? सोनगीरच्या पारावर त्याला पाहिलं की पोरं नाक दाबतात. बावीस वर्षांत त्याच्या ट्रकमधून साखरेचं एक पोतं कमी आलं नव्हतं.

"माले कोनी इचारं नही," म्हणाला. "तुम्ही डबाले इचारं."

माझेच शब्द.  म्हणालो, "लोटनभाऊ, दोष सापडला तर मी स्वतः शेठकडे जाईन. तुला घेऊन जाईन. शब्द देतो."

"दिवाळी व्हऊ द्या," तो म्हणाला. "बोंड येचाले माणसं नही."

दार ओलांडेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळीत दुकान बंद. शेठ म्हणतात, महिनाअखेरीला नाशिकच्या शोरूमला टो करून नेतो. न्या म्हणालो नाही. पंधरा दिवस द्या म्हणालो. आधी हट्ट होता तो नाव राखायचा. आता मला ठाऊक आहे, नाशिकवाल्यांनी नुसता एखादा पार्ट बदलून गाडी बरी केली तर लोटनभाऊ जन्मभर चोरच राहील. दोष काय होता ते माझ्या हातात आलं पाहिजे. दाखवता आलं पाहिजे.

कॅम सेन्सरला तीन वायरी. एकीनं वीज जाते, एक अर्थची, तिसरीनं बातमी येते. सेन्सर नवा आहे तर बातमी थांबते कशानं? एक तर वीजच पोचत नसेल. गाडी उभी असताना पोचते. मग चालताना का नाही? आणि सपाटीवर पोचते, चढावर का नाही?

लिला म्हणाली, "दुकानात उभी करून विचारता कशाला? ती जिथे मरते तिथे जाऊन बसा ना." मशीनवर बसून हिला हे सुचतं आणि मी सव्वा महिना गोणपाटं टाकत बसलो. काखेत कळसा नि गावाला वळसा.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

सविस्तर लिहितो. एक शब्द गाळणार नाही.

लोटनभाऊ सकाळच्या एसटीनं आला. मी रात्रीच तयारी केली होती. सेन्सरच्या सॉकेटपाशी वीज येते तिथे दोन लांब वायरी जोडल्या, बॉनेटच्या फटीतून खिडकीतून आत घेतल्या आणि टोकाला डॅशबोर्डचा बारका बल्ब लावला. वीज पोचत असेल तोवर बल्ब जळणार. बल्ब मी हातात धरून बसलो.

लळिंगचा चढ लागला. लोटनभाऊनं दुसरा गिअर टाकून दाबली. पहिल्या वळणावर बल्ब फडफडला. विझला. इंजिन गप्प झालं. गाडी रेंगाळत कडेला लागली आणि थांबण्याआधीच बल्ब पुन्हा लागला!

लोटनभाऊ सवयीनं दगड शोधायला खाली उतरत होता. मी त्याचा हात धरला. "सेल्फ मार. आत्ता. थांबू नकोस."

"आत्ते? गरम शे."

"मार."

पहिल्या झटक्यात सुरू. तो माझ्याकडे बघायला लागला. "मी तं अर्धा तास बसू."

"का बसायचास?"

"ट्रकले बसूत."

हा माणूस दर वेळी अर्धा तास बसला, कारण ट्रक बंद पडला की बसायचं असतं. आणि मी अर्धा तास ऐकून थंड-गरमचा जप करत राहिलो. एकदाही विचारलं नाही की लगेच सेल्फ मारून बघितलास का. उष्णतेचा काही संबंधच नव्हता.

पाच वेळा चढ चढलो. चारदा बल्ब विझला. दर वेळी जोर लावल्यावर.

मग कडेला सपाट जागा बघून थांबलो. बॉनेट उघडलं. त्याला म्हणालो, हँडब्रेक ओढ, पहिला गिअर टाक, क्लच हळूहळू सोड, गाडी हलू देऊ नको. तो आत, समोर बॉनेटचं झाकण, त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. मी इंजिनावर वाकलो.

क्लच धरला तसं इंजिन मागे कललं. या गाड्यांचं इंजिन रबरावर बसवलेलं असतं, जोर आला की ते अंग मोडून घेतं, चांगलं दोन बोटं हलतं. इंजिन हललं आणि वायर ताणली. सेन्सरची वायर. एका टोकाला हलणारं इंजिन, दुसऱ्या टोकाला न हलणारा पत्रा, आणि मधे अजिबात ढील नाही. वरून वायर शाबूत. आत तांबं तुटलेलं. ताणली की तुटक्याची टोकं लांब जातात, ढिली पडली की चिकटतात. सपाटीला इंजिन कलत नाही, म्हणून जळगावला कधी काही नाही.

आणि ताण धरून ठेवणारी गाठ मेणाच्या दोऱ्याची होती.

कंपनीनं ती झोळी मुद्दाम ठेवली होती. इंजिनाला हलायला जागा म्हणून. एसटीच्या गाडीत पुढे अजस्र इंजिन, आणि आमच्या हेडमिस्तरींनी दर ठिकाणी ढील मोजून ठेवायला शिकवलं असणारच. मी फक्त बांधायचं शिकलो.

"दिसनं का काही?" लोटनभाऊनं आतून विचारलं.

मी ब्लेडनं गाठ कापली. दोरा खिशात टाकला. "वायर तुटलीय आतून," म्हणालो.

हे खोटं नाही. पण गाठ मी कोणत्या घाईनं कापली ते मला ठाऊक आहे.

तुटका भाग कापून नवा तुकडा झाळला, चांगली चार बोटं ढील ठेवली. सहा वेळा घाट चढलो. बल्ब देवळातल्या समईसारखा. लोटनभाऊ सातव्यांदा चढायला निघाला तेव्हा गुणगुणत होता. खाली टपरीवर त्यानं भजी घेतली, मला पैसे देऊ दिले नाहीत. म्हणाला, "आते शेठले सांगा मिस्तरी. दोष गाडीना व्हता, मना नही."

"सांगतो," मी म्हणालो. तोंडात भजं होतं.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

शेठकडे गाडी दिली. मी म्हणालो, "वायर आतून तुटली होती. कोणाला दिसण्यासारखी नव्हती." शेठनी गिरधरसमोर पाठ थोपटली. नाशिकवाल्यांना जमलं नसतं म्हणाले. त्यांच्या व्याह्यांची गाडी पण आता माझ्याकडे येणार.

मी लोटनचं नाव काढलं. "लोटनला परत घ्या शेठ, गाडीचाच दोष होता."

शेठ म्हणाले, "गाडीचा दोष वेगळा, पेट्रोलची चोरी वेगळी. डबा तर तूच दाखवलास."

इथे सांगायला हवं होतं. पेट्रोल साफ होतं, डबा त्याच्या घरचा होता, दोष माझ्या हातचा होता. तीन वाक्यं. गिरधर ऐकत होता. मी म्हणालो, "बघा, विचार करा," आणि निघालो.

विचार कसला करणार ते? खरं काय ते माझ्या खिशात.

२० नोव्हेंबर, शनिवार

दोन गाड्या आल्या. दुसरी व्याह्यांची. वायरी ढिल्याच ठेवल्या.

लोटनभाऊचा फोन दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवर आला होता. निरोप: काय झालं? मी फोन केला नाही. गिऱ्हाईक होतं. खरंच होतं.

२१ नोव्हेंबर, रविवार

लिलानं कपडे धुताना शर्टाच्या खिशातून दोरा काढला. माझ्यापुढे ताटाशेजारी ठेवला. गाठ तशीच होती, तिला माझी गाठ ओळखता येते, घरातल्या वायरींना तीच आहे.

मी सगळं सांगितलं. ती जेवली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी असं ऐकलंय. पण फाशीचा दोर चोरानंच वळायचा, हे आजच बघितलं."

"धंदा बसेल," मी म्हणालो. "गाड्या बिघडवणारा मिस्तरी म्हणतील. कॉम्प्युटरच्या गाडीला कोणी हात लावू देणार नाही."

"मग नका लावू हात. एसटीच्या नोकरीच्या आधी तुम्ही सायकलींचं पंक्चर काढत होता, मी काय तेव्हा पळून गेले?"

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. उद्या जातो. लिहून ठेवतो म्हणजे मोडता येणार नाही: उद्या, दुकान उघडायच्या आधी, मिलवर. दबक्या आवाजात नाही.

२२ नोव्हेंबर, सोमवार

गेलो. दारात ट्रक रिकामा होत होता, हमाल तेच. शेठ चहा पीत होते. दार लावू का म्हणून गिरधरनं विचारलं, मी नको म्हणालो.

दोरा टेबलावर ठेवला आणि बोललो. सप्टेंबरात दिवे लावताना कंपनीच्या वायरी मी ताणून बांधल्या. त्यानं सेन्सरची वायर तुटली. पेट्रोल साफ होतं, ते मी लोटनला काढल्यावर तपासलं, आधी तपासायला हवं होतं. रॉकेल त्याच्या घरचं. तो चोर नाही. चोर म्हणणारा मी, आणि गाडी बिघडवणारा पण मीच.

हमाल पुन्हा पोती खाली ठेवून बघत होते, या वेळी माझ्याकडे. 

शेठनी दोरा उचलून गाठ बघितली. मग म्हणाले, "माझ्या बायकोला तू लळिंगच्या उन्हात उभं केलंस." मग म्हणाले, "लोटनला सांग, उद्यापासून यायचं. आणि तू माझ्या गाडीला हात लावायचा नाहीस. व्याह्यांनाही मी सांगतो."

ठीक. ते होणारच होतं. बाहेर आलो आणि छाती हलकी झाली म्हणून लिहिणार होतो, पण झाली नाही. भीती तेवढी गेली.

तिथूनच सोनगीरची गाडी पकडली. मनात म्हणत होतो, आता तो उठून हात धरेल. खरं सांगतो, हेच म्हणत होतो.

लोटनभाऊ ओट्यावर बसला होता. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. गाठ, दोरा, मिल, शेठ काय म्हणाले ते. नोकरी परत मिळाली ते. भिकुबाई दाराशी येऊन उभी राहिली होती. हे ऐकून तिनं पदर तोंडाला लावला.

लोटनभाऊनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "देवचंद, तुले कव्हय समजनं?"

"काय?"

"गाठ तुनीच शे हाई."

मी म्हणालो, "घाटात. तू क्लच सोडलास तेव्हा."

"गुरुवारले."

"हो."

"आज सोमवार शे," तो म्हणाला.

मला वाटलं होतं तो चुकीबद्दल विचारेल. चुकीबद्दल माझ्याकडे उत्तर होतं. एसटी, हेडमिस्तरी, सतरा वर्षांची सवय. चार दिवसांबद्दल काहीच नव्हतं. गुरुवारी त्यानं भजी घेतली होती. शनिवारी फोन केला होता.

"चूक माणूसनी व्हस," तो म्हणाला. "ती मी तुले कव्हयच सोडी दिधी." आणि उठला. पायात चपला घातल्या. "पारवर चाल. आठे बठ्ठासले सांग. मिलमां सांगं ते. आनि त्या चार दिवस बी सांग."

दुपारची वेळ, पारावर सात-आठ माणसं, दोन पोरं. एकानं लोटनभाऊला बघून सवयीनं नाकाशी हात नेला होता. मी पारावर चढलो नाही, खाली उभा राहूनच बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.  लोटनभाऊ माझ्या शेजारी उभा होता आणि रस्त्याकडे बघत होता. गुरुवारपर्यंत आल्यावर मी थांबलो. त्यानं माझ्याकडे मान वळवली.

मग शुक्रवार सांगितला. शनिवार सांगितला. रविवारही सांगितला.